काळ्या मातीला भेगा पडू द्या

तापीच्या दक्षिण तीरावर, बुऱ्हाणपूर शहराच्या समोर, जैनाबाद आहे. १६३१ साली बुऱ्हाणपुरात मुमताज महलचे निधन झाले, तेव्हा आग्र्याला नेण्याआधी तिचे दफन इथल्याच आहुखान्याच्या बागेत झाले होते. इतिहासाच्या पुस्तकात या गावाची नोंद एवढ्यापुरती येते. शेतकऱ्याच्या लेखी मात्र जैनाबाद आणि तापीकाठची सगळीच गावे ओळखली जातात ती त्यांच्या खोल काळ्या मातीमुळे आणि त्या मातीत येणाऱ्या केळी, कापूस, ऊस आणि हळदीमुळे. यांतली हळद हे जमिनीच्या पोटात पोसणारे पीक. शास्त्राच्या भाषेत ते मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे. पण माल मातीच्या आत तयार होतो, म्हणून मशागत आणि खत यांचा जो हिशेब रताळ्याला, गाजराला, बिटाला लागू पडतो तोच हळदीलाही लागू पडतो. हा हिशेब गेल्या काही दशकांत आपण फार सोपा करून टाकला आहे. कंद पोसायला जमीन भुसभुशीत हवी, म्हणून नांगर खोल घाला आणि रोटाव्हेटर दोनदा फिरवा. कंद मोठा व्हायला अन्न हवे, म्हणून युरियाची आणखी एक गोणी टाका. या दोन्ही सल्ल्यांत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे सत्य असे की काळी जमीन मोकळी करण्याचे काम मुळात लोखंडाचे नाही. ते काम भेगा, मुळे आणि सेंद्रिय पदार्थ करतात. नांगर आणि गोणी ही त्यांनी केलेली कमाई खर्चायची साधने आहेत. ही कमाई थांबली आणि खर्च मात्र चालू राहिला, तर आजचे चांगले उत्पन्न उद्याच्या जमिनीतून काढलेले असते. असे का, ते या लेखात पुराव्यानिशी मांडायचे आहे.

आधी जमिनीच्या पोटातले पीक धान्यापेक्षा वेगळे का, ते पाहू. ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा हवेत भरतो. त्याच्या मुळाला घट्ट जमिनीतही एखादी भेग, एखाद्या किड्याने केलेले बीळ, जुन्या मुळाची पोकळी सापडते आणि तेवढ्यावर त्याचे भागते. कंदाला असे वाट काढून भागत नाही. त्याला स्वतःच्या आकाराएवढी माती बाजूला सारून जागा करावी लागते. हेक्टरी २५ टन ओली हळद निघाली असे धरले, तर कंदाची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे त्या पिकाने सुमारे २५ घनमीटर माती ढकलली असे होते. लावलेले बेणे अडीच टन असते. बाकीची सगळी जागा पिकाने आठ-नऊ महिन्यांत स्वतःच्या जोरावर तयार केलेली असते. जेठ्या गड्ड्याला बगल गड्डे फुटतात, त्यांना हळकुंडे येतात, आणि प्रत्येक हळकुंड वाढते ते समोरच्या मातीचा रेटा सोसून. माती घट्ट असेल तर पानांनी तयार केलेले अन्न या रेट्यात खर्च होते आणि हळकुंड आखूड, चपटे, वाकडे राहते. शिवाय अशा जमिनीत खणताना कुदळीला हळकुंडे तुटून हाती येतात आणि काही मातीतच राहून जातात. म्हणजे जमिनीच्या घट्टपणाची किंमत पीक दोनदा चुकवते, वाढताना आणि निघताना. म्हणून जमीन भुसभुशीत हवी, याबद्दल कुणाचाच वाद नाही. ती कोणी करायची आणि ती किती काळ तशी राहते, हा खरा प्रश्न आहे.

काळ्या मातीचे उत्तर तिच्या घडणीतच आहे. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा चाळीस टक्क्यांच्या वर असते, आणि ही चिकणमाती पाणी मिळाले की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद आणि मीटरभर खोल भेगा पडतात. वरची भुगा झालेली माती आणि काडीकचरा त्या भेगांत पडतो, पावसाळ्यात भेगा मिटतात, आणि खालचे वर, वरचे खाली होत राहते. जगभरच्या मृदाशास्त्रात या मातीला स्वतःला उलथणारी माती म्हणून वेगळा वर्ग दिलेला आहे. जुन्या खानदेशातल्या शेतकऱ्याने हे ओळखलेले होते. काळ्या जमिनीत तो दरवर्षी नांगर घालत नसे. काही वर्षांतून एकदा, हरळी किंवा कुंदा माजला की नांगरट व्हायची. दरवर्षीचे अवजार होते वखर, म्हणजे जमिनीच्या वरच्या तीन-चार बोटांतून जाणारी आडवी पास. पावसाळ्यात उडीद-मूग आणि रब्बीत दादर ज्वारी, करडई किंवा हरभरा असे पीक असायचे. ही रब्बीची पिके पावसाची मुरलेली ओल खालपर्यंत शोषून घेत. करडईचे सोटमूळ तर मीटरभराच्याही खाली जाते. फेब्रुवारीत पीक निघेपर्यंत जमीन आतून कोरडी पडलेली असे, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती तडकत असे. ती तडकणे हीच तिची खोल नांगरट होती.

सिंचन आले आणि हे चक्र थांबले. लागवडीचा हंगाम मृगबागेचा असो की कांदेबागेचा, केळी वर्षभर ओल मागते. पहिल्या पिकामागून त्याच्याच पिलांची पिलबाग ठेवली तर दोन-अडीच वर्षे जमीन एकदाही पूर्ण सुकत नाही. ठिबकाखालचा पट्टा तर कायमच ओला असतो. केळीमागून हळद आली की पुन्हा मे-जूनपासून जानेवारीपर्यंत पाणी. ज्या उन्हाळ्यात भेगा पडायच्या, त्याच उन्हाळ्यात आपण नळी चालू ठेवतो. याचा अर्थ सिंचन वाईट असा नाही. तापीकाठची सुबत्ता सिंचनातून आली आहे. पण सिंचनाने या मातीची एक फुकटची सेवा बंद पाडली, हे आपण हिशेबात धरले नाही. जमीन घट्ट लागू लागली तेव्हा आपण ट्रॅक्टर मोठा केला. काळी माती आपली आपण दुरुस्त होते, मग नांगराने किंवा चाकाने तिचे काय बिघडणार, असा एक आक्षेप जाणकारही घेतात. तो कोरडवाहू जमिनीपुरता बराचसा खरा आहे. बारमाही ओल्या जमिनीत तो लागू पडत नाही, कारण दुरुस्ती करणारे सुकणेच तिथे उरलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या बागाईत कपाशीच्या पट्ट्यात माती आपल्यासारखीच काळी, फुगणारी आहे. यंत्रांच्या वजनाने ती दबली तेव्हा तिथल्या संशोधकांना असे दिसले की नुसते खोल नांगरून फायदा टिकत नाही. फेरपालटात गहू किंवा करडई घेऊन जमीन आतून सुकवली, तिला भेगा पाडू दिल्या, की घडण सुधारते. आपण कोरडवाहू म्हणून मागे टाकलेली करडई तिकडे दबलेल्या जमिनीचे औषध म्हणून पेरली गेली. आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज पडू नये.

आता लोखंड नेमके काय करते ते जवळून पाहू. काळ्या जमिनीचा वापसा फार थोडा वेळ टिकतो. मूठभर माती दाबून सोडली आणि ती ठोसर तुकड्यांत सुटली तर वापसा आहे. हाताला चिकटून तिचा गोळा झाला तर जमीन ओली आहे. दाबलीच जात नसेल तर वेळ निघून गेली आहे. ओल्या जमिनीत नांगराचा फाळ तळाशी माती चोपडून गिलावा केल्यासारखा थर बसवतो. वेळ निघून गेल्यावर नांगरले तर डोक्याएवढी ढेकळे निघतात, आणि ती फोडायला रोटाव्हेटर बोलवावा लागतो. रोटाव्हेटरची पाती दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती पिठासारखी करतात आणि त्याच खोलीवर खालची माती ठोकत जातात. त्यामागून दोन टनांच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली त्याच जमिनीवरून जाते. हळदीचा गादीवाफा तयार झाला की तो पाहायला सुंदर दिसतो. पण पिठासारख्या मातीला आधार नसतो. पहिल्या दोन-तीन पाण्यांत किंवा मृगाच्या एका जोरदार सरीत ती खाली बसते, वर पापुद्रा धरते, आणि पाणी खालच्या ठोकलेल्या थरावर साचते. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात, आणि कंदकुजीची बुरशी अशा जागेचीच वाट पाहत असते. मग पुढच्या वर्षी निदान होते की जमीन कडक झाली आहे, आणखी खोल नांगरा. ही साखळी एकदा सुरू झाली की प्रत्येक नांगरट पुढच्या नांगरटीची गरज निर्माण करते. मोकळी हवा लागून सेंद्रिय कर्ब झपाट्याने जळतो, कर्ब घटला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, आणि सुटलेली माती पावसात वाहून जाते. तापीने खाली नेलेला गाळ रावेर-भुसावळ भागात हतनूरच्या जलाशयात बसतो. त्या गाळात बुऱ्हाणपूरच्या शेतांची वरची, सर्वांत सुपीक माती असते.

मातीच्या कणांची पकड म्हणजे काय, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वाळलेले ढेकूळ बांधावरून, गवताच्या मुळांतून घ्यावे. दुसरे शेतातल्या वारंवार रोटाव्हेटर फिरलेल्या वाफ्यातून. दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन दोन्ही अलगद सोडावीत. वाफ्यातले ढेकूळ बहुधा काही मिनिटांतच विरघळून खाली चिखल होते आणि पाणी गढूळ होते. बांधावरचे ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहते. माती तीच, खडक तोच, पाऊस तोच. फरक मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा, सूक्ष्म जीवांनी स्रवलेल्या डिंकासारख्या द्रव्यांचा. हळदीला हवी असलेली भुसभुशीत जमीन ही बांधावरच्या ढेकळासारखी, पाणी लागल्यावरही मोकळी राहणारी असते. यंत्राने केलेला भुगा तसा दिसतो, पण पहिल्या पाण्यात त्याची परीक्षा होते.

खताकडे वळताना इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचा दाखला द्यावासा वाटतो, कारण जमिनीखालच्या पिकांवरचा इतका दीर्घ प्रयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. सुपरफॉस्फेटचे पेटंट घेणारे जॉन लॉझ आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तिथे दोन शेतांत प्रयोग सुरू केले. एका शेतात गहू, तर बार्नफील्ड नावाच्या दुसऱ्या शेतात सलगम. पुढे त्यात चारा-बीट आणि साखर-बीट आले. गव्हाच्या शेतात फार मोठा काळ असे दिसत राहिले की पुरेसे रासायनिक खत दिले तर नुसत्या खताच्या वाफ्यातला गहू शेणखताच्या वाफ्यातल्या गव्हाच्या बरोबरीने येतो. रासायनिक खताच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नव्हता. पण कंदमुळांच्या शेतात तसे घडले नाही. वर्षानुवर्षे शेणखत मिळालेल्या वाफ्यात नत्राची मात्रा काहीही असो, उत्पन्न नुसत्या रासायनिक खताच्या वाफ्यापेक्षा अधिक राहिले. नत्र वाढवून ती दरी भरून निघाली नाही. अन्नद्रव्ये दोन्हीकडे होती. फरक होता तो जमिनीच्या घडणीत आणि ओल धरण्याच्या शक्तीत. जमिनीखालच्या पिकाला गोणीतून जे देता येत नाही, ते सेंद्रिय पदार्थांनी घडवलेल्या जमिनीतून मिळते, हा या प्रयोगाचा अर्थ. गव्हाच्या अनुभवावर आखलेले खतांचे गणित हळदीला जसेच्या तसे लावण्यातली चूक इथे दिसते.

आपल्याकडचा पुरावा याच दिशेने जातो. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० पासून देशभर दीर्घकालीन खत-प्रयोग चालवले. जबलपूरच्या काळ्या जमिनीतही ते झाले. ते धान्य, कडधान्य आणि गळीत पिकांवरचे प्रयोग असले तरी जमिनीबद्दलचा त्यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: नुसते नत्र देत राहिले तर उत्पन्न घसरते, नत्र, स्फुरद, पालाश समतोल दिले तर टिकते, आणि त्यांच्या जोडीला शेणखत दिले तर उत्पन्न आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही वाढतात. आता बुऱ्हाणपूर-खानदेश पट्ट्यातला व्यवहार पाहा. केळीला प्रत्येक झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश ही शिफारस सर्वपरिचित आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे हेक्टरी जवळजवळ ८९० किलो नत्र, १७८ किलो स्फुरद आणि ८९० किलो पालाश. त्यामागून येणाऱ्या हळदीची महाराष्ट्रातली शिफारस २००, १०० आणि १०० किलोची. केळीनंतरच्या शेतात यातले काय शिल्लक आहे, हे न तपासताच हळदीचा पूर्ण डोस दिला जातो, आणि बहुतेक ठिकाणी वरून आणखी युरिया. चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू असलेल्या या जमिनीत वर फेकलेल्या युरियाचा मोठा भाग अमोनिया होऊन हवेत जातो, पाणी साचले की नत्राचा आणखी काही भाग वायुरूपात उडतो, आणि उरलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली, विहिरी-कूपनलिकांच्या दिशेने जाते. हळदीला नत्र दोन हप्त्यांत द्यायचे, पहिला लागवडीनंतर दीड महिन्याने आणि दुसरा भरणीच्या, म्हणजे झाडांना मातीची भर देण्याच्या वेळी, असे शिफारस सांगते, आणि त्याला कारण आहे. भरणीनंतर झाडाचे काम कंदाकडे वळते. त्यानंतरही नत्र मिळत राहिले तर झाड पाला वाढवत राहते, शेत हिरवेगार दिसते, आणि हळकुंडे लांबणीवर पडतात. कंद पोसायला त्या वेळी पालाश लागते. पण युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते आणि पालाशची गोणी तिच्या कितीतरी पट महाग. २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आले, तेव्हा युरिया त्याबाहेर ठेवला गेला. शेतकरी जास्त युरिया टाकतो तो अज्ञानामुळे नव्हे. सरकारने ठरवलेली किंमतच त्याला तसे करायला सांगते.

मग जमीन घडवणारा सेंद्रिय पदार्थ आणायचा कुठून? या प्रश्नावर विसाव्या शतकातले एक महत्त्वाचे काम बुऱ्हाणपूरपासून फार दूर झालेले नाही. १९२४ मध्ये इंदूरला स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनाचे काम पाहणारे यशवंत वाड यांनी माळव्याच्या काळ्या मातीत कापूस पिकवता पिकवता एक कंपोस्टपद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने तिचे पुस्तक निघाले आणि इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. त्यात नवे रसायन काहीच नव्हते. शेतातला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल आणि हवा सांभाळायची, ठरावीक वेळी ढीग उलटायचा; सुमारे तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या पऱ्हाट्या कठीण, त्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी गाड्यांच्या रस्त्यावर पसरून चाकांखाली चेपून घेत. इंदूरला त्या वेळी जी अडचण पऱ्हाटीची होती, ती आज तापीकाठी केळीच्या खोडाची आहे. घड कापल्यावर हेक्टरी साठ-सत्तर टन ओले खोड आणि पाने शेतात उरतात. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते हे खरे, पण उरलेल्यात पालाश भरपूर असते. हा माल बांधावर, रस्त्याकडेला, नाल्यात फेकला जातो किंवा वाळल्यावर पेटवला जातो. भारताला पालाश खत जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते, आणि केळीच्या जिल्ह्यात पालाश नाल्यात जाते. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवखत करून दाखवले आहे, धागा काढण्याचे उद्योगही आहेत. पण सर्वांत सोपा उपाय म्हणजे खोड त्याच शेतात बारीक करून, शेणकाल्याबरोबर कुजवून, हळदीच्या वाफ्यावर परत देणे. त्यातच काढणीआधी कापलेला हळदीचा पाला, पावसाळ्यातला ताग किंवा धैंचा आणि कपाशीच्या पऱ्हाट्या धरल्या, तर सेंद्रिय पदार्थ नाहीत ही तक्रार निम्म्याने कमी होते. कोझिकोडच्या मसाला पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीत हळदीवर लागवडीनंतर लगेच हेक्टरी १२ ते १५ टन हिरव्या पाल्याचे आच्छादन सांगितले आहे. आच्छादनाखालच्या मातीला पावसाचा मार बसत नाही, आणि गांडुळे वरपर्यंत येतात.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप सर्वांत रास्त आहे: हळद खणूनच काढावी लागते, मग कमी मशागतीची भाषा या पिकाला लागूच कशी पडेल? त्यातून उन्हाळी नांगरटीने हुमणीसारख्या किडी उन्हात मरतात, तणांचे गड्डे वर येतात. या आक्षेपातला पहिला भाग मान्य करूनच पुढे जायला हवे. कंदपिकात शून्य मशागत होत नाही. पण खणणी हीच जर त्या वर्षातली सर्वांत खोल मशागत आहे, तर तिच्यामागून पुन्हा नांगर कशाला? खणलेली जमीन वखराने सारखी करून, गादीवाफे मोडता न मोडता पुढचे पीक त्यांवरच घेता येते. हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या मातीवर रुंद वाफा-सरीची पद्धत चालवून पाहिली. तिथे वाफे वर्षानुवर्षे त्याच जागी राहतात, बैल किंवा चाक फक्त सरीतून जाते, पिकात तुरीसारखे द्विदल असते आणि खत मोजून दिले जाते. पारंपरिक पद्धतीच्या शेतात हेक्टरी एक टनाच्या आसपास धान्य येत असताना या शेतात दीर्घकाळ पाच टनांच्या जवळपास येत राहिले, आणि जमिनीतला कर्बही वाढला. ते पीक धान्याचे होते आणि फायदा सगळ्या घटकांचा मिळून होता, एकट्या वाफ्याचा नव्हे. तरी चाकाची जागा आणि कंदाची जागा कायमची वेगळी ठेवण्याचा धडा हळदीला धान्यापेक्षाही जास्त उपयोगी आहे. किडी-तणांसाठी नांगरट लागली तर ती जरूर करावी, पण दर चार-पाच वर्षांनी, कोरड्या जमिनीत, कारण पाहून. लव्हाळा आणि हरळीवर रोटाव्हेटर फिरवणे तर उलटे पडते. गड्ड्यांचे आणि कांड्यांचे तुकडे होऊन एका जागचे तण शेतभर पसरते.

दुसरा आक्षेप असा की सेंद्रियाच्या बळावर देश पोसला जाणार नाही. तो बरोबर आहे, आणि हा लेख रासायनिक खताविरुद्ध नाही. शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. हळदीचे २०० किलो नत्र केवळ शेणखतातून द्यायचे तर हेक्टरी ४० टन लागतील, आणि बैल गेलेल्या गावात ते मिळणार नाहीत. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका आदेशाने थांबवली, भात आणि चहा दोन्ही कोसळले, आणि काही महिन्यांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यातून शिकायचे ते हे की गोणीची जागा घेण्यासाठी सेंद्रिय पदार्थ आणायचे नसतात. अन्नद्रव्यांचा मोठा वाटा खतातूनच येईल. सेंद्रिय पदार्थ ते अन्न पिकापर्यंत पोचेल अशी जमीन राखतात. ही वाढ संथ असते, हेही सांगायला हवे. हेक्टरमध्ये वरची पंधरा सेंटिमीटर माती सुमारे २,००० टन भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे दोन टन कर्ब कायमचा बसवायचा. आणि आपण घालतो त्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात जळून जातो. म्हणून एक-दोन हंगामांत फरक न दिसल्याने निराश होण्याचे कारण नाही, आणि एका वर्षाच्या नांगरटीने अनेक वर्षांची कमाई उडवण्याचेही नाही. ठिबकातून विद्राव्य खत दिले की प्रश्न मिटतो, असेही काही जण म्हणतात. ठिबकाने पाणी आणि खत दोन्ही वाचते, यात शंका नाही. पण ते पिकाला जेवू घालते, जमिनीची घडण करत नाही. उलट कायम ओल ठेवून भेगांचे काम थांबवते.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. उडीद किंवा मूग, त्यावर दादर किंवा करडई आणि मग कोरडा उन्हाळा, असे वर्ष मध्ये घातले तर केळी-हळदीचे एक वर्ष बुडते. पाच एकरवाल्याने ते कसे सोसायचे? आणि बटाईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याने, जिला पुढच्या वर्षी तो हात लावेल याची खात्री नाही, तिच्यासाठी काय म्हणून करायचे? याला गोड उत्तर नाही. सगळे शेत एकदम सुकवू नये. दरवर्षी चौथा-पाचवा हिस्सा फिरता ठेवला तर उत्पन्नाला बसणारा धक्का लहान होतो, आणि त्या हिश्शावर डाळ, तेलबी, कडबा घरात येतो. केळी-हळद मागे-पुढे घेत राहिल्याने सूत्रकृमी आणि कंदकुजीचे जे बस्तान बसते, तेही या खंडाने हलते. पण एवढे करूनही तूट राहते, आणि ती तूट एकट्या शेतकऱ्याने सोसावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या जमिनीतून सुटणारी माती धरणात बसते आणि नायट्रेट गावाच्या पाण्यात उतरते. म्हणजे ती राखण्याचा फायदा सगळ्यांना आहे. युरिया स्वस्त ठेवायला सरकारजवळ पैसा असतो. त्यातला काही भाग फेरपालटातल्या कडधान्य-तेलबियांना, गावातल्या खोड-कंपोस्टला आणि पालाशच्या किमतीला वळवला, तर शेतकऱ्याचे गणित जमिनीच्या गणिताशी जुळू शकते. आणि बटाईचा करार एका वर्षाऐवजी निदान एका फेरपालटाइतका असावा, त्यात खतमातीचा खर्च मालक आणि कसणारा यांनी वाटून घ्यावा, ही सुधारणा कायद्याशिवाय गावातही होऊ शकते.

या सगळ्यातून एक व्यवहार्य क्रम निघतो. केळीचे खोड शेतातच कुजवावे. बाग मोडल्यावर एका हिश्शावर उडीद-मूग आणि करडई-दादर घेऊन उन्हाळ्यात जमीन मनसोक्त तडकू द्यावी. मग कोरड्यात एक वखरणी, कायमचे गादीवाफे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद. माती तपासून, आधीच्या केळीचे उरलेले पालाश आणि स्फुरद वजा करून खत द्यावे, नत्र भरणीला संपवावे, वर पाल्याचे आच्छादन ठेवावे. काढणीनंतर नांगर नको. यातले बहुतेक तुकडे संशोधन केंद्रांच्या शिफारशींत किंवा जुन्या खानदेशी रिवाजात आधीपासून आहेत. ते एका साखळीत बांधून, जैनाबादसारख्या गावात, शेजारी-शेजारी दोन वाफ्यांवर सलग सहा-आठ वर्षे करून दाखवण्याचे काम कृषी विज्ञान केंद्रांनी आणि विद्यापीठांनी हाती घ्यायला हवे. एका हंगामाचे प्रात्यक्षिक इथे फसवे ठरते, कारण पहिल्या वर्षी खोल नांगरलेला वाफा जिंकण्याचीच शक्यता अधिक.

म्हणून यशाचे मोजमापही बदलायला हवे. क्विंटलमध्ये उत्पन्न मोजायचेच, पण त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे लिहायला हवेत: क्विंटलभर हळदीला किती किलो नत्र लागले, पावसाळ्यात लोखंडी सळई हाताच्या जोराने किती खोल गेली, आणि मृदा आरोग्य पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्ब दर तीन वर्षांनी वर सरकला की खाली. २०१५ पासून या पत्रिका देशभर वाटल्या जात आहेत. त्या कपाटात राहतात कारण त्यांच्यावरून कुणी काही ठरवत नाही. उत्पन्न वाढत असेल पण नत्राचा खर्चही वाढत असेल, सळई दरवर्षी वर अडत असेल आणि कर्ब घटत असेल, तर ते शेत तोट्यात चालले आहे, मग बाजारात हळदीला कितीही भाव असो. जमिनीच्या पोटातले पीक घेणाऱ्याला हे सर्वांत आधी कळायला हवे, कारण जमीन बिघडली तर धान्याच्या आधी त्याचा कंद ती गोष्ट सांगतो. बुऱ्हाणपूरच्या काळ्या मातीत स्वतःला दुरुस्त करण्याची ताकद अजून आहे. तिला सुकायला एक उन्हाळा आणि खायला तिचेच खोड परत द्यायचे, एवढे ठरवणे आपल्या हातात आहे, आणि ते खोल नांगराच्या पुढच्या फेरीआधी ठरवायला हवे.